‘ओल्ड रेडियम’ नावाचा रंग

पन्नास-साठ वर्षं कुणाच्या तरी कपाटात पडून राहिलेलं घड्याळ घड्याळजी उघडतो, काटे अलगद उपसून बाजूला ठेवतो, आणि तरीही तबकडीवर काटे दिसतच राहतात. तपकिरी, कडा पुसट झालेले, पावणेआठच्या जागी. ती सावली असते. काट्यांवर रेडियमचा लेप होता. घड्याळ बंद पडलं तिथेच काटे वर्षानुवर्षं थांबले आणि त्यांच्याखालचा तबकडीचा रंग किरणोत्साराने हळूहळू करपत गेला. लेपाची चमक मात्र केव्हाच विझलेली असते, कारण रेडियमच्या माऱ्याने त्यातलं चमकणारं झिंक सल्फाइड काही वर्षांत निकामी होतं. रेडियम थांबत नाही. त्याचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षांचं. अंधारात आता काहीही न दाखवणारा तो लेप आजही किरणं सोडतोच आहे.

स्वित्झर्लंडच्या टॉयफेन गावातली आरसी ट्रायटेक ही कंपनी घड्याळांच्या काट्यांवर आणि अंकांवर लावायचा सुपर-लुमिनोव्हा हा लेप बनवते. त्यात किरणोत्सार नाही. उजेडात प्रकाश साठवायचा आणि अंधारात तो सोडायचा, एवढंच त्याचं काम. हा लेप बऱ्याच छटांत मिळतो आणि त्यातल्या एका छटेचं नाव आहे ‘ओल्ड रेडियम’. जुन्या वहीच्या कागदासारखा, बिस्किटासारखा रंग. आज सकाळी कारखान्यातून निघालेलं घड्याळ साठ वर्षांचं दिसावं, म्हणून खास तयार केलेला.

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात १९२०च्या दशकात तरुण मुली तबकड्यांवर रेडियमचे अंक रंगवत. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरत. त्यांच्या जबड्यांची हाडं सडली, अनेकजणी त्यातच गेल्या. ज्या पदार्थाने हे केलं त्याचं नाव आता एका रंगछटेला आहे, आणि ती छटा निवडताना त्या मुली कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत. मराठीतही या शब्दाचा प्रवास काहीसा असाच झाला. गाडीच्या मागे चिकटवतात त्या चमकत्या कागदाला आपण ‘रेडियम’ म्हणतो आणि तो कापून देणाऱ्याला ‘रेडियमवाला’. पदार्थ गेला, शब्द उरला. बोलीत असं होतंच, त्यात कुणाचा दोष नाही. पण एखादा अख्खा उद्योग ठरवून, पगारी डिझायनर बसवून, वस्तूमागचं कारण सोडून देतो आणि तिचं रूप तेवढं सांभाळत बसतो, तेव्हा त्याला हटकावं लागतं.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत घड्याळ कंपन्यांनी आपली जुनी दप्तरं जेवढी उपसली तेवढी आधी कधी उपसली नव्हती. लाँजीनने २००७ मध्ये १९५९च्या डायव्हिंग घड्याळावरून ‘लेजंड डायव्हर’ आणलं. ट्यूडरने २०१० मध्ये आपला १९७०चा क्रोनोग्राफ पुन्हा बाजारात उतरवला. सेइकोने २०१७ मध्ये १९६५चं आपलं पहिलं डायव्हिंग घड्याळ नव्याने केलं. टिसोचं २०२१चं पीआरएक्स १९७८च्या घड्याळावरून आलं आणि व्हाशेरों कॉन्स्टँटिनचं २०२२चं ‘२२२’ हे १९७७च्या ‘२२२’वरून. यादी इथे थांबवलेली बरी, कारण ती खरोखर संपत नाही.

हे असं का झालं, याची मुळं एका जखमेत आहेत. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेइकोने टोकियोत ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं. किंमत ४,५०,००० येन. किंमत पुढे झपाट्याने उतरत गेली, अचूकता मात्र तशीच राहिली. चाकं, स्प्रिंगा आणि माणसाच्या बोटांतली कसबं यांवर उभा असलेला स्विस उद्योग या धक्क्याने कोलमडला. १९७० मध्ये तिथे सुमारे ९०,००० माणसं या कामात होती, १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे ३०,००० उरली. जुरा पर्वतातल्या खोऱ्यांत गावंच्या गावं रिकामी बसली. अशा वेळी ज्याँ-क्लोद बिव्हेर आणि जॅक पिगे यांनी ‘ब्लाँपाँ’ हे जवळजवळ मेलेलं नाव सुमारे २२,००० फ्रँकला विकत घेतलं आणि जाहीर केलं की १७३५ पासून या नावाने कधीच क्वार्ट्झ घड्याळ केलेलं नाही आणि पुढेही करणार नाही. जे मागासलेपण म्हणून हिणवलं जात होतं तेच त्यांनी भूषण म्हणून मांडलं. १९९२ मध्ये ती कंपनी सुमारे सहा कोटी फ्रँकला विकली गेली. जुनेपण विकता येतं, हा धडा साऱ्या उद्योगाने तिथे गिरवला.

त्यानंतर मोबाइल आला आणि वेळ बघायला घड्याळ लागेनासं झालं. जुन्या घड्याळांचे लिलाव तापले. अभिनेता पॉल न्यूमन याच्या मनगटावरचं रोलेक्स डेटोना २६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरना गेलं. पत्नीने त्याच्या मागच्या बाजूला, जपून गाडी चालव, असं कोरून घेतलेलं ते स्टीलचं घड्याळ. त्या किमतीत धातूचा वाटा नगण्य होता, यंत्राचाही फारसा नव्हता. एका माणसाच्या आयुष्याशी त्या वस्तूची गाठ पडली होती आणि लोकांनी त्या गाठीचे पैसे मोजले. कंपन्यांनी मात्र त्यातून असा अर्थ काढला की लोकांना त्या काळचा चेहरा हवा आहे.

या चेहऱ्याच्या व्यवहारात एक गोष्ट फार सोयीस्करपणे झाकली जाते. एखाद्या कंपनीने स्वतःचं १९६०चं घड्याळ हुबेहूब उतरवलं तर त्याला ‘रीइश्यू’ म्हणतात आणि ते मानाने दाखवतात. तेच घड्याळ दुसऱ्या छोट्या कंपनीने उतरवून स्वतःचं नाव घातलं तर तो ‘होमाज’, आणि जाणकार नाक मुरडतात. तिसऱ्याने उतरवून पहिलीचं नाव घातलं तर तो ‘डुप्लिकेट’, आणि पोलीस येतात. कायद्याने या तिघांत फरक आहे आणि तो असायलाच हवा, तिसरी गोष्ट सरळ फसवणूक आहे. पण डिझायनरच्या टेबलावर पाहिलं तर तिन्ही ठिकाणी काम एकच चाललेलं असतं. समोर जुनं घड्याळ ठेवलं आहे आणि कॅलिपरने मापं घेतली जात आहेत. युरोपीय संघात नोंदवलेल्या डिझाइनला जास्तीत जास्त २५ वर्षं संरक्षण मिळतं. म्हणजे १९६०च्या घड्याळाच्या रूपावर डिझाइन म्हणून आज कुणाचाच हक्क नाही, खुद्द ते घडवणाऱ्या कंपनीचाही नाही. ‘आमचं होतं म्हणून आम्ही करतो’ यात वारशाचा दावा आहे. नवं काही केल्याचा दावा त्यात नाही, आणि किंमत मात्र बहुतेक वेळा नव्या निर्मितीची लावली जाते.

ओमेगाचं उदाहरण जवळून पाहण्याजोगं आहे, कारण तिथे काम मनापासून झालं आहे. १९५७ मध्ये ओमेगाने तीन घड्याळं काढली होती: स्पीडमास्टर, सीमास्टर ३०० आणि रेलमास्टर. साठ वर्षं झाली म्हणून २०१७ मध्ये ती पुन्हा केली. संग्रहालयातली मूळ घड्याळं टोमोग्राफीने, म्हणजे दवाखान्यात सीटी स्कॅन करतात त्या पद्धतीने, आतून-बाहेरून मोजली. प्रत्येकाचे ३,५५७ नग. दोन वर्षांनी ‘३२१’ या जुन्या यंत्रणेचं पुनरुज्जीवन जाहीर झालं, तेव्हा १९७२ मध्ये अपोलो १७ मोहिमेत यूजीन सर्नन यांनी चंद्रावर वापरलेल्या घड्याळाचा असाच स्कॅन घेतला होता. ती यंत्रणा आता एकच कारागीर पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळवतो. यातून एक विसरत चाललेली कारागिरी पुन्हा हातांत आली, हे मान्य करायला हवं आणि मनापासून मान्य करायला हवं.

पण १९५७ चा स्पीडमास्टर आठवा. वेग मोजायची टॅकीमीटरची पट्टी तोवर तबकडीवर छापत असत. त्या घड्याळाने ती प्रथमच बाहेरच्या कड्यावर, बेझलवर आणली आणि तबकडी मोकळी झाली. मोटारींच्या शर्यतींसाठी केलेलं घड्याळ होतं ते. नासाने अंतराळवीरांसाठी ते १९६५ मध्ये निवडलं. म्हणजे ज्या वैभवाचं आज पुनर्मुद्रण होतं ते घड्याळ आपल्या काळात मागचं काहीतरी मोडून पुढे गेलेलं होतं, आणि त्याचं सगळ्यात गाजलेलं काम तर ते घडवणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हतं. २०१७ च्या कामाचा हेतूच असा की मूळ रूपात काही नवं शिरू नये. १९५७ च्या माणसांना मान द्यायचा तर त्यांनी केलेलं करावं, का त्यांनी काढलेलं गिरवावं? या लेखाचं उत्तर पहिल्या बाजूला आहे. मात्र ते द्यायला ‘नवं’ या शब्दाचाही तितकाच कस लावावा लागतो.

जुन्या चांगल्या घड्याळाच्या प्रत्येक अवयवामागे एक कारण असतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाच्या दिशादर्शकांसाठी आयडब्ल्यूसी, लांगे, लाको, स्टोव्हा आणि वेम्पे या पाच कंपन्यांनी घड्याळं केली. रुंदी ५५ मिलिमीटर, कारण ती जाड जाकिटाच्या बाहीवरून बांधायची होती. चावी कांद्यासारखी फुगीर, कारण हातमोजे न काढता ती फिरवायची होती. बाराच्या जागी त्रिकोण आणि दोन टिंबं, कारण अंधारात, हादऱ्यांत, अर्ध्या क्षणात वरची बाजू कुठली हे कळायला हवं होतं. आज तो त्रिकोण आणि ती दोन टिंबं शंभर कंपन्यांच्या तबकड्यांवर आहेत. घालणारा वातानुकूलित खोलीत बसलेला असतो. आणि ते घड्याळ कुणाच्या विमानांत होतं, कुठल्या शहरांवर ती विमानं जात होती, हे कॅटलॉगमध्ये येत नाही. वारसा निवडून घेतला जातो. रूप उचलताना त्यामागची माणसं, चांगली आणि वाईट दोन्ही, गाळली जातात. रेडियमच्या मुलींचं झालं तेच इथेही होतं.

उलट उदाहरणही तितकंच बोलकं आहे, आणि ते भारताशी जोडलेलं आहे. १९३०च्या सुमाराला इंग्रज अधिकारी इथे पोलो खेळत आणि खेळताना त्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत. घड्याळांचे व्यापारी सेझार द त्रे यांच्यापुढे हे गाऱ्हाणं आलं, अशी परंपरागत कथा. त्यावर तोडगा म्हणून रने-आल्फ्रेद शोव्हो यांनी ४ मार्च १९३१ रोजी पॅरिसमध्ये एका केसचं पेटंट मागितलं: चौकटीत सरकणारी आणि उलटी फिरणारी केस. घोड्यावर बसण्याआधी घड्याळ पालथं करायचं, काच मनगटाकडे, धातूची पाठ जगाकडे. ‘रिव्हर्सो’ हे त्याचं नाव.

पुढे न फुटणाऱ्या काचा आल्या आणि मूळ कारणच संपलं. मागणी आटली. १९७०च्या दशकात जॉर्जो कोर्व्हो या इटालियन विक्रेत्याला कारखान्यात पडून असलेल्या सुमारे २०० रिकाम्या केसेस दिसल्या. त्याने त्या घेतल्या, यंत्रं बसवून विकल्या, आणि त्या बघता बघता संपल्या. रिव्हर्सो तिथे वाचलं. पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे. १९९४ मध्ये ‘ड्युओफेस’ आलं: घड्याळ उलटवलं की मागे दुसरी तबकडी आणि तिच्यावर दुसऱ्या देशाची वेळ. काच वाचवायला केलेली पाठ आता प्रवासी माणसाच्या घरची वेळ सांगू लागली. आकार तोच, सरकताना येणारा तो बारीक ‘टक’ आवाजही तोच, पण त्या हालचालीला नवं काम मिळालं. वारसा जिवंत राहतो तो असा.

ट्यूडरचं २०१२ चं ‘ब्लॅक बे’ या दोन टोकांच्या मधलं आहे, आणि म्हणूनच त्याच्यावर वाद घालायला मजा येते. त्याची मोठी चावी १९५८ च्या ट्यूडरवरून आली. चौकोनी टोकाचे ‘स्नोफ्लेक’ काटे १९६९ च्या घड्याळावरून आले, जे फ्रेंच नौदलाचे पाणबुडे वापरत. चौकोनात लेप जास्त मावतो आणि गढूळ पाण्यात तासकाटा मिनिटकाट्यापासून वेगळा ओळखू येतो. मोठी चावी आणि ते काटे ट्यूडरच्या जुन्या घड्याळांत एकत्र कधी नव्हते. म्हणजे हे अशा जुन्या घड्याळाचं पुनरागमन, जे कधी अस्तित्वातच नव्हतं. काहींना यात लबाडी दिसते. पण नीट पाहिलं तर हुबेहूब नकलेपेक्षा हे जास्त सचोटीचं काम आहे. इथे कुणीतरी निवड केली आहे, जोडणी केली आहे, आणि ती फसण्याचा धोका पत्करला आहे. २०१३ मध्ये जिनिव्हाच्या ग्राँ प्री सोहळ्यात त्याला पुनरुज्जीवनाचा पुरस्कार मिळाला. नवनिर्मितीच्या गटात ते का उभं केलं नाही, हा प्रश्न मात्र उरतो.

नवेपणाची गोष्ट निघाली की डिझायनर जेराल्ड जेंता यांचं नाव येतंच. ‘रॉयल ओक’चं रेखाटन एका रात्रीत झालं, असं ते सांगत. पाणबुड्याच्या शिरस्त्राणावरचे स्क्रू त्यांच्या डोळ्यांपुढे होते. १९७२ मध्ये ओदमार पिगेने ते बाजारात आणलं तेव्हा उच्चभ्रू घड्याळाच्या सगळ्या संकेतांना तो धक्का होता. अष्टकोनी कडं, त्यावर उघडे दिसणारे आठ स्क्रू, केसमधूनच फुटून आल्यासारखी चेन, आणि हे सगळं स्टीलमध्ये, ३,३०० फ्रँकला. त्या काळी सोन्याची चांगली घड्याळं त्याहून स्वस्त मिळत. सुरुवातीला ते फार खपलं नाही. लोकांना ते समजायला वेळ लागला, आणि कंपनीकडे तेवढा धीर होता.

आज त्या बंडखोराची वंशावळ केवढी वाढली आहे! जिरार्ड-पेरेगोचं १९७५ चं ‘लॉरेआटो’ परत आलं, शोपार्डने १९८०च्या आपल्या ‘सेंट मॉरिट्झ’वरून २०१९ मध्ये ‘अल्पाइन ईगल’ केलं, आयडब्ल्यूसीने २०२३ मध्ये जेंतांच्याच १९७६ च्या ‘इंजेन्यूर’कडे वळून पाहिलं. व्हाशेरोंचं ‘२२२’ तर अनेक वर्षं लोक जेंतांचंच समजत आले. ते खरं विशीतल्या योर्ग हिसेक यांचं काम. पुनरुज्जीवनामुळे त्यांच्या नावाची चर्चा झाली, हे या साऱ्या लाटेचं एक चांगलं फळ. बाकी चित्र असं की १९७२ मध्ये सगळ्यांपासून वेगळं दिसण्यासाठी केलेली रचना आता सगळ्यांसारखं दिसण्यासाठी वापरली जाते. ओदमार पिगेने स्वतः २०१९ मध्ये ‘कोड ११.५९’ हे नवं घड्याळ आणलं तेव्हा त्याच्यावर टीकेची झोड उठली. टीकेतलं सगळंच चूक नव्हतं, पहिल्या तबकड्या खरोखर फिक्या होत्या. पण कंपनीने ते घड्याळ मागे घेतलं नाही, सुधारत नेलं. रॉयल ओकच्या वेळी लागला होता तोच धीर.

मग नवं म्हणजे काय, कुणाचंच न पाहिलेलं? तसं काही घड्याळांच्या दुनियेत जवळजवळ नाही. १९९७ पासून ‘उर्वेर्क’ ही छोटी कंपनी अशी घड्याळं करते की ती अंतराळयानाचा तुकडा वाटावीत. काटे नाहीत. तासाचा अंक स्वतःच एका कमानीवरून सरकत जातो आणि जाताना मिनिटं दाखवतो. ही कल्पना सतराव्या शतकातली आहे. पोप अलेक्झांडर सातवे यांना रात्री झोप येत नसे. टिकटिक न करणारं आणि अंधारात वाचता येणारं घड्याळ त्यांना हवं होतं. कंपानी बंधूंनी १६५०च्या दशकात ते करून दिलं: कोरून आरपार केलेले अंक, मागे तेलाचा दिवा, आणि कमानीवरून सावकाश जाणारा प्रकाशाचा आकडा. उर्वेर्कने त्या घड्याळाचा लाकडी, चित्रं रंगवलेला डोलारा उचलला नाही. त्याची युक्ती उचलली. बर्लिनची भिंत पडल्यानंतरच्या जर्मनीत उभ्या राहिलेल्या ‘नोमोस’चं १९९२ चं ‘टँजेंटे’ आधुनिक, कोऱ्या डिझाइनचा नमुना म्हणून दाखवलं जातं, आणि त्याचाही वंश १९३०च्या दशकातल्या जर्मन तबकड्यांपर्यंत जातो.

नोमोसच्याच ग्लासह्युटे गावातली ए. लांगे उंड झ्योने या बाबतीत सगळ्यांत जास्त शिकवून जाते. १९४८ मध्ये सोव्हिएत अमलाखाली कंपनी जप्त झाली, नाव पुसलं गेलं. ७ डिसेंबर १९९० रोजी संस्थापकाचे पणतू वॉल्टर लांगे यांनी ती पुन्हा नोंदवली. जुन्या खिशातल्या घड्याळांच्या सुबक प्रती काढल्या असत्या तर जगाने आनंदाने घेतल्या असत्या. त्यांनी २४ ऑक्टोबर १९९४ रोजी इतर तीन घड्याळांसोबत ‘लांगे १’ पुढे ठेवलं. तासमिनिटांची तबकडी मध्यावरून डावीकडे सरकलेली, आणि तारीख दोन मोठ्या खिडक्यांत. कंपनीच्या इतिहासात असं घड्याळ नव्हतं. मात्र त्या दोन खिडक्यांचं मूळ ड्रेस्डेनच्या सेम्पर ऑपेरात आहे. तिथे १८४१ मध्ये रंगमंचाच्या वर एक घड्याळ लागलं, जे मागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही वाचता यावं म्हणून दोन चौकटींत आकडे दाखवी. ज्या गुटकेसच्या कारखान्यात ते झालं तिथेच मूळ संस्थापक फर्डिनांड लांगे शिकले होते. दुरून वाचता यावं, हे कारण घराण्यातलं. आकार नवा.

जपानी लोकांनी याला एक नेमका शब्द दिला आहे. सेइकोचे डिझायनर तारो तानाका यांनी १९६०च्या दशकात काही नियम बांधले: पृष्ठभाग सपाट असावेत, आरशासारखे पॉलिश केलेले, प्रतिबिंब जराही न वाकवणारे. १९६७ च्या ‘४४जीएस’मध्ये ते पूर्णपणे उतरले. या नियमांना ते ‘डिझाइनचं व्याकरण’ म्हणतात. आणि ते पॉलिश ज्या ‘झारात्सू’ पद्धतीने होतं तिचं नाव म्हणजे एका युरोपीय यंत्राच्या नावाचा जपानी उच्चार, उसना घेऊन घरचा केलेला. व्याकरण हाताशी असलं की वाक्यं आपली करता येतात. २००५ मध्ये त्याच घराण्यातून शिन्शूच्या बर्फासारखी खरखरीत पांढरी तबकडी आली, तिच्यावरून निळा सेकंदकाटा क्षणभरही न अडखळता सरकत जातो. १९६७ च्या घड्याळाशेजारी ते ठेवलं तर नातं लगेच कळतं. पण ते त्याचं पुनर्मुद्रण नाही.

मुंबईचं एक प्रकरण इथे आठवतं, जे जगभरच्या संग्राहकांत हेटाळणीने बोललं जातं. ‘मुंबई स्पेशल’ हा त्यांचा शब्द. जुन्या एचएमटी, सेइको, फेवर-ल्युबाच्या घड्याळांची तबकडी धुऊन पुन्हा रंगवलेली, कधी भडक निळी, कधी केशरी, सुटे भाग चार घड्याळांतून जमवलेले. ऑनलाइन घेणाऱ्या परदेशी माणसाला अस्सल म्हणून असं घड्याळ गळ्यात मारलं जातं तेव्हा ती फसवणूकच, तिचं समर्थन होणार नाही. पण तबकडी रंगवण्याची ही रीत मुळात फसवणुकीसाठी जन्मली नव्हती. आयातीवर कडक बंधनं असलेल्या काळात घड्याळ एकदा घेतलं की ते पिढ्यांना पुरवायचं असे. पावसाळ्यातल्या दमट हवेने तबकडीला डाग पडत, अंक उडत. वडिलांचं घड्याळ मुलाला लग्नात घालता यावं म्हणून घड्याळजी डोळ्याला भिंग लावून, बारीक ब्रशने कंपनीचं नाव पुन्हा लिहून देई. अक्षर थोडं वाकडं येई. मुंबईचा कारागीर जुनं घड्याळ नवं दिसावं म्हणून रंग लावत होता. ‘ओल्ड रेडियम’ नवं घड्याळ जुनं दिसावं म्हणून लावतात. पहिल्याला तिरस्कार आणि दुसऱ्याला लाखांची किंमत, हा न्याय पटत नाही. त्या रंगवण्याला निदान वापरणाऱ्या माणसाची गरज होती.

वारसाच नसेल तर काय होतं, तेही भारतात पाहायला मिळालं. टायटनचं पहिलं दुकान १९८७ मध्ये बेंगळुरूत उघडलं. कंपनीकडे उपसायला दप्तरच नव्हतं. २००२ मध्ये त्यांनी ‘एज’ आणलं: अख्खं घड्याळ ३.५ मिलिमीटर जाडीचं, आतली क्वार्ट्झ यंत्रणा १.१५ मिलिमीटरची, आणि तरी पाणी न शिरणारं. त्यात कुणाचीही आठवण नाही. मनगटावर आहे की नाही कळू नये, एवढा एकच हट्ट आहे. आज कुणी त्या घड्याळावर लेख लिहीत नाही, कारण त्याला सांगायला गोष्ट नाही. पण दप्तरं अशाच घड्याळांनी भरतात. १९५७ आणि १९७२ या सालांवर आज जग जगतं, कारण त्या सालांत कुणीतरी मागे न बघता काम केलं.

आणि टायटनच्याच हातून एक प्रयत्न असा झाला, ज्याची दखल पुरेशी घेतली गेली नाही. १७३७ पासूनची स्विस कंपनी फेवर-ल्युबा एकोणिसाव्या शतकातच भारतात पोचली होती. मराठी घरांत आजोबांच्या पिढीला हे नाव ओमेगाइतकंच ओळखीचं, ‘सी किंग’ तर अनेकांच्या हातावर असे. या कंपनीने १९६२ मध्ये ‘बिवॅक’ केलं: आत हवेचा दाब मोजणारी डबी असलेलं, समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारं यांत्रिक मनगटी घड्याळ. गिर्यारोहकांनी ते वापरलं. ते ३,००० मीटरपर्यंत उंची सांगे. २०११ मध्ये टायटनने फेवर-ल्युबा विकत घेतली, तेव्हा सोपा रस्ता समोर होता: १९६२ ची तबकडी, बिस्किटी रंगाचे अंक, जुन्या धाटणीचा पट्टा. २०१७ मध्ये त्यांनी दाखवलेलं ‘रेडर बिवॅक ९०००’ जुन्यासारखं दिसत नव्हतं. टायटॅनियमची ४८ मिलिमीटरची दणकट केस, अनेकांना ओबडधोबड वाटलेली. घड्याळ चाललं नाही म्हणा किंवा बाजाराला ते नको होतं म्हणा, टायटनने पुढे ही कंपनी विकली. नव्या मालकांनी २०२४ मध्ये जिनिव्हात ती परत आणली, आणि त्यांच्या संग्रहात ‘डीप ब्लू रिव्हायव्हल’ आणि ‘सी स्काय रिव्हायव्हल’ अशी नावं आहेत. घड्याळं देखणी आहेत. त्यांना गिऱ्हाईक मिळेलही.

पण १९६२ च्या घड्याळातली ती दाब मोजणारी डबी, जिच्यामुळे ते घड्याळ झालं, तिचं पुढचं काम त्या ४८ मिलिमीटरच्या केसमध्येच झालं आहे. कुठलीही बॅटरी न वापरता, हवेच्या दाबाने फुगणारी आणि आकसणारी एक चपटी धातूची डबी आणि तिला जोडलेली चाकं, एवढ्यावर ते ९,००० मीटरपर्यंत उंची सांगतं. एव्हरेस्टच्या माथ्याहून दीडशे मीटर वर.